फराहबागेच्या गिलाव्यातला अंगठा : एक खुलं पत्र

प्रति,
फराहबागेचा महाल, त्याखालची जमीन, तिकडे जाणारा रस्ता आणि त्याची फाइल ज्या ज्या टेबलावर आहे, त्या सर्वांस

विषय : पावसाच्या आत महालाचा उरलेला गिलावा वाचवण्याबाबत

महोदय, महोदया,

पत्ता मोघम घातला याबद्दल आधीच माफी मागतो. एका साहेबांच्या नावानं सरळ अर्ज करायची माझी रीत आहे, आणि गेल्या चार वर्षांत ती मी तीनदा पाळली. पहिल्या अर्जाला उत्तर आलं, 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.' दुसरा अर्ज मी त्या संबंधित विभागातच नेऊन दिला. त्यांनी तो पहिल्या कार्यालयाकडे वर्ग केला. तिसऱ्याची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. एवढ्या खेट्यांतून एकच कळलं. फराहबाग आमची नाही, असं कुणी म्हणत नाही आणि आमची आहे, असंही कुणी म्हणत नाही. तेव्हा आता पत्र उघड्यावर लिहितोय. ज्याचं असेल त्यानं उचलावं.

मी नगर शहराजवळच्या भिंगारचा. एका आयटीआयमध्ये ३१ वर्षं गवंडीकाम शिकवून निवृत्त झालो. वडीलही गवंडी, पण ते चुन्यातले. कळीचा चुना भिजत घालायचा, दगडी चाकाच्या घाणीत मळायचा, त्यात गूळ, बेलफळाचा गर, ताग काय काय पडायचं, आणि झालेला माल दोन बोटांत चोळून ते सांगायचे, 'अजून दोन फेरे.' मी तिसरीत असताना एकदा सायकलच्या दांडीवर बसवून त्यांनी मला फराहबागेत नेलं. महाल दाखवायला नेलं असेल असं वाटलं होतं. घुमटाकडे, कमानींकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ जिन्यानं वर नेलं, वळणावरच्या एका कोनाड्याजवळ थांबवलं आणि म्हणाले, 'हात घाल.'

कोनाड्याच्या खालच्या कडेला, डाव्या अंगाला, गिलाव्यात एक खळगा होता. अंगठ्याचा. कड सरळ करताना ओला चुना दाबून बसवतात, थापी पोचत नाही तिथं अंगठाच चालतो, आणि वरून एक हात फिरवला की ठसा जातो. या गड्यानं तो शेवटचा हात फिरवला नव्हता. खळग्याच्या टोकाला नखाची बारीक कोरही उमटलेली होती. वडिलांनी आपला अंगठा त्यात बसवला. बसला. म्हणाले, 'मुकादमानं हाक मारली असणार.'

पुढं मी माझ्या पोरांना तो दाखवला आणि आयटीआयच्या जवळजवळ प्रत्येक तुकडीला दाखवला. दर वर्षी २८ मेला, म्हणजे शहराच्या स्थापनादिनी, मी तिकडे एक चक्कर टाकतोच. या २८ मेलाही गेलो. कोनाड्याची डावी कड नव्हती. गिलाव्याचा पाऊण हात लांबीचा पोपडा सुटून पायरीवर पडला होता. त्याचे तीन तुकडे झाले होते आणि त्यातल्या एकावर कुणाच्या तरी बुटाचा ठसा होता. अंगठ्याचा ठसा असलेला तुकडा सापडला. त्याचं मी काय केलं ते शेवटी सांगतो.

हे पत्र वाचणाऱ्या बाहेरगावच्या लोकांसाठी थोडं सांगायला हवं. तुमच्या टेबलांवरही दर तीन वर्षांनी नवीन माणूस येतो, त्यालाही उपयोगी पडेल.

नगर शहराच्या आग्नेयेला, सोलापूर रस्त्याच्या अंगाला फराहबाग आहे. फराहबक्ष बाग हे तिचं जुनं नाव. आमच्याकडे तोंडात बसलेला शब्द फर्याबाग. एका मोठ्या तळ्याच्या मधोमध अष्टकोनी, दोन मजली महाल. चारी दिशांना दोन्ही मजल्यांएवढ्या उंच कमानी आणि मध्ये घुमटाचं दालन. उन्हाळ्यात पाण्यावरून वारा यावा, कमानीतून आत शिरावा आणि वरून निघून जावा अशी सगळी रचना. नगरचा वैशाख ज्यानं सोसलाय त्याला या बांधणीचं कौतुक कलेच्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. दुपारी दोनला बाहेरून आत पाऊल टाकलं की आजही फरक कळतो, तळ्यात पाण्याचा थेंब नसताना.

हा महाल मुर्तजा निजामशहाचा. राज्यकाळ १५६५ ते १५८८. याच्याच काळात, १५७४ मध्ये, वऱ्हाडची इमादशाही निजामशाहीत आली. म्हणजे सत्तेच्या दृष्टीनं हा चढता काळ. पण राजा एकलकोंडा. राज्य वजिरांवर सोडून बागेत जाऊन बसायचा. दिल्लीचा एक गवई होता, त्याला फत्तेशहा म्हणायचा, त्याच्याशी बुद्धिबळ खेळायचा आणि त्याच्यासाठी याच बागेत त्यानं वेगळा लाकडी महाल बांधून दिला. लोक त्याला दिवाणा म्हणत. अशा माणसाच्या नजरेला बांधकाम उतरणं सोपं नसणार. तवारिखांत असं येतं, की नियामतखानानं आधी बांधलेला महाल त्याला पसंत पडला नाही. तो पाडून सलाबतखानाकडून पुन्हा बांधायला घेतला, आणि १५८३ मध्ये काम पुरं झालं. पुढं पाचच वर्षांत पोटच्या पोरानं त्याला हमामात कोंडून, खाली जाळ करून मारलं. त्या वेळी राजाच्या पहाऱ्यावर असलेला एक तरुण पुढं विजापूरला गेला आणि त्यानं हे सगळं लिहून ठेवलं. तो इतिहासकार फिरिश्ता. आपल्याकडे ज्याला संदर्भ म्हणतात तो माणूस याच शहरात नोकरीला होता.

ताजमहालाची कल्पना शाहजहानला फराहबागेवरून सुचली, असं आमच्याकडे प्रत्येक रिक्षावाला सांगतो, आणि पाहुणे आले की मीही सांगायचो. आता सांगत नाही. एक तर त्याला पुरावा नाही. दुसरं म्हणजे, आपल्या घरातली वस्तू जपायला शेजारच्याची साक्ष कशाला लागावी? आग्र्यात ताजमहाल उभाच राहिला नसता तरी ही इमारत एवढ्याच मोलाची होती.

आता तो प्रश्न, जो अर्ज घेऊन गेलो की कुणीतरी हळूच विचारतंच. 'मास्तर, त्या मुसलमानी राजवाड्याचं तुम्हाला काय एवढं?'

विचारणाऱ्यावर माझा राग नाही. उत्तर मात्र आहे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद, त्याचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या कुलकर्ण्यांच्या घरातला, असं फिरिश्ता लिहितो. बुऱ्हाण निजामशहानं १५२९ मध्ये पेशवाईची वस्त्रं दिली ती कंवरसेन नावाच्या ब्राह्मणाला. दरबारी कागद फारसीत निघत तसे मराठीतही निघत. मालोजीराजे याच दरबारचे सरदार. नगरच्या शाह शरीफ दर्ग्याला नवस बोलून मुलं झाली म्हणून त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही हकिगत आपण लहानपणापासून ऐकतो. आणि निजामशाही बुडत असताना १६३३ मध्ये संगमनेरजवळच्या पेमगिरीवर एका लहान मुलाला निजामशहा म्हणून मांडीवर घेऊन कारभार कुणी चालवला? शहाजीराजांनीच. १६३६ पर्यंत त्यांनी ती गादी मोगलांविरुद्ध, आणि शेवटी आदिलशाहीविरुद्धही, धरून ठेवली. जे शहाजीराजांना परकं वाटलं नाही ते मला परकं का वाटावं?

आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी तो अंगठा कुणाचा होता? सुलतानाचा नक्कीच नव्हता.

जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं. आम्ही बोलताना अजून 'नगर'च म्हणतो, सवयीनं. हे पत्र नावाबद्दल नाही. पण आज ३१ मे आहे, अहिल्यादेवींची जयंती. चौंडीला मोठा कार्यक्रम असतो, तुमच्यापैकी बरेच जण तिकडे असाल. ज्या बाईचं नाव आपण लावलं तिनं आयुष्यभर पडक्या वास्तू उभ्या केल्या, घाट बांधले, बारवा बांधल्या आणि त्यासाठी आपल्या राज्याची हद्द कधी पाहिली नाही. तिच्या नावाच्या जिल्ह्यात टेबलाटेबलांतल्या हद्दीवरून एक महाल ढासळावा हे मला जड जातं.

आता तक्रारी. वर्तमानपत्रात 'दुरवस्था' हा एकच शब्द येतो आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही, म्हणून गवंड्याच्या भाषेत सांगतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार पाण्याची. गच्चीवरचा चुन्याचा कोबा जागोजाग फुटलाय. आमच्याकडे पाऊस कमी, पण येतो तेव्हा तासाभरात येतो. ते पाणी फटीतून भिंतीच्या पोटात उतरतं. भिंत बाहेरून दगडाची दिसते. आत दगड, चुना आणि मधे मधे लाकूड भरलेलं होतं. लाकूड होतं तिथं आता नुसत्या आडव्या खाचा आहेत, बोट घातलं तर भुसा निघतो. आत शिरलेलं पाणी बाहेर पडताना बरोबर क्षार घेऊन येतं, ते गिलाव्यामागं साचतात, फुलतात, आणि गिलावा पोपड्यासारखा सुटतो. २८ मेला मी पडलेल्या तुकड्याची मागची बाजू पाहिली. पांढरी भुरी होती. म्हणजे कुणी लाथ मारून तो पाडला नव्हता. तो आतूनच सुटला होता, आणि कोरड्या दिवसात सुटला होता. पहिल्या वळवाला त्याच्या शेजारचा जाईल.

दुसरी तक्रार झाडांची. कमानीच्या खांद्यावर पिंपळ आहे. वर्षातून कधीतरी कुणीतरी कोयत्यानं तो छाटतो आणि काम झालं म्हणतो. छाटलेला पिंपळ मुळांना जास्त जोर देतो, हे शेतकऱ्याच्या पोरालाही माहीत आहे. मूळ मारावं लागतं, सावकाश, दगड न हलवता. ते कसब आहे, मजुरी नाही.

तिसरी तक्रार सिमेंटची, आणि ती करताना माझी मान खाली जाते. आयुष्यभर मी पोरांना सिमेंटच शिकवलं. अभ्यासक्रमच तो होता. पण चुन्याच्या भिंतीला सिमेंटचं ठिगळ म्हणजे तापलेल्या माणसाला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं. चुना ओल घेतो आणि सोडतो. लावल्यानंतर हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून तो वर्षानुवर्षं पुन्हा दगड होत राहतो. सिमेंट ओल अडवतं. अडलेली ओल वाट शोधते आणि ठिगळाच्या कडेचा जुना गिलावा घेऊन बाहेर येते. तळमजल्यावरच्या एका कमानीच्या पायाशी असं ठिगळ आहे. कुणी मारलं ते मला माहीत नाही, मी विचारतही नाही. त्याच्या भोवती वीतभर गोलात जुनं काम गेलंय, एवढं येऊन पाहा. कधीमधी होणारी डागडुजी मी नाकारत नाही. पण ती याच जातीची असेल तर होऊ नये, हे बरं.

कोळशानं लिहिलेली नावं, बदाम, बाटल्या, यावर मी शब्द घालवत नाही. तिथं माणूस नसला की हे होणारच.

चौथी तक्रार तळ्याची. महाल तळ्यासाठी आणि तळं महालासाठी. आज तळ्यात वेड्या बाभळी आहेत, शेळ्या आहेत आणि पावसाळ्यात चार डबकी. पूर्वी पाणी यायचं खापरी नळांनी. डोंगराकडच्या उंच भागातल्या विहिरींचं पाणी जमिनीखालून, मातीच्या भाजलेल्या नळांतून, नुसत्या उतारावर शहरात आणि बागांत खेळवलं होतं. मधे मधे हवा जायला उसासे. कापूरवाडी, शहापूर, भिंगार, ही नावं आमच्याकडे या नळांसाठी ओळखली जातात. भिंगारात माझ्या लहानपणी घराचा पाया खणताना खापरी नळ लागला की म्हातारी माणसं हात जोडायची. आता तो लागला की जेसीबीवाला आधी फोडतो, मग विचारतो. टँकरच्या जिल्ह्यात साडेचारशे वर्षांपूर्वीची पाणीयोजना आपण फोडतो आहोत, आणि तिचा नकाशा सर्वसामान्य माणसाला पाहायला मिळत नाही.

पाचवी तक्रार हद्दीची. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती मी वाचली आहे. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मनाई, त्यापुढं २०० मीटरपर्यंत परवानगीनं. स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायदा चांगला आहे. पण हद्द जमिनीवर दिसली तर कायदा कळतो. दगड कुठून कुठपर्यंत, बाग कुठं संपते, तळ्याची कड कुठली, हे आज तिथं उभा राहून कुणी सांगू शकत नाही.

हद्द कागदावर राहिली की काय होतं त्याचं उदाहरण शहरातच आहे. सावेडीत 'भिस्तबाग चौक' म्हटलं की कुठलाही रिक्षावाला नेऊन सोडतो. भिस्त म्हणजे बिहिश्त, स्वर्ग. हश्त बिहिश्त, आठ स्वर्गांची बाग, निजामशाहीची दुसरी मोठी बाग होती ती. तिथंही तळ्यात अष्टकोनी महाल. आज चौकात मेडिकल, मोबाइल, वडापाव सगळं मिळतं. महाल कुठाय विचारलं तर मागं कुठंतरी हात दाखवतात. फराहबागेचा भिस्तबाग चौक होऊ नये एवढीच माझी धडपड आहे.

आता मागण्या. त्यातली एकही मोठ्या पैशाची नाही.

मृग लागायच्या आत, म्हणजे या आठवड्यात, गच्चीवरच्या फुटक्या जागा ताडपत्रीनं का होईना झाकाव्यात. त्याला निविदा लागू नये. लागत असेल तर ताडपत्री मी देतो, चढायची परवानगी तुम्ही द्या.

पडलेला गिलावा झाडून ढिगाऱ्यात टाकू नये. कोणता तुकडा कुठं पडला ते लिहून, क्रमांक घालून, कोरड्या खोलीत ठेवावा.

कामाला हात लावण्याआधी महालाचं पूर्ण मोजमाप, रेखाटनं आणि फोटो व्हावेत, कोनाड्याकोनाड्याचे, आणि ते लोकांना पाहता यावेत. जे पुढं वाचणार नाही ते निदान कागदावर राहील. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-ए-हुसेनशाही'ची चित्रं आहेत. मुर्तजाचा बाप हुसेनशहा आणि त्याची राणी खुंजा हुमायूं त्यात शेजारी शेजारी बसलेली होती, आणि पुढं राणीवर खप्पा मर्जी झाली तेव्हा बऱ्याच चित्रांतून तिला रंग फासून पुसून टाकलं. तरी फासलेल्या रंगातून तिची आकृती ओळखू येते, आणि ती तशी ओळखू येते ती कुणीतरी ते कागद साडेचारशे वर्षं जपले म्हणूनच.

दुरुस्ती चुन्यातच व्हावी. चुन्यातले कारागीर मिळत नाहीत हे उत्तर मला चालणार नाही. नगर तालुक्यात दोघे आहेत, दोघंही सत्तरीच्या पुढचे, एकाला ऐकू कमी येतं. ते शिकवायला तयार आहेत. आयटीआयची दहा पोरं मी आणतो. भाजलेली कळी कुठं मिळते तेही मला माहीत आहे. घाणी नसेल तर हातानं मळू. दोन फेरे जास्त.

हद्दीचे दगड जमिनीवर रोवावेत आणि १०० मीटरची रेषा आखावी. शेजारच्या लोकांना बोलावून, दाखवून आखावी. ती माणसं चोर नाहीत, त्यांना सांगितलेलं नाही एवढंच.

तळ्यात काहीही खणण्याआधी खापरी नळ कुठून आत येतो ते शोधावं. टँकरनं तळं भरून फोटो काढू नये.

एक पूर्णवेळ रखवालदार असावा. त्याला बसायला खोली, प्यायला पाणी आणि शौचालय. या तीन गोष्टींशिवाय नेमलेला माणूस चौथ्या दिवशी सोडून जातो, आणि दोष त्याचा नसतो. फलक मराठीत, हिंदीत आणि उर्दूत असावा, आणि 'इजा करणाऱ्यास शिक्षा' याच्या आधी ही वास्तू काय आहे ते त्यावर लिहिलेलं असावं.

आणि शेवटची. या सगळ्याला एक माणूस नेमा. कुठल्याही खात्याचा असो. त्याचं नाव, फोन फलकावर असू द्या. राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदात स्मारकं जपणं हे राज्याचं काम म्हणून सांगितलंय, आणि ५१-क मध्ये आपला संमिश्र वारसा जपणं हे माझं. मी माझ्या भागाची तयारी वर लिहिली. तुमच्या भागासाठी भेटायला एक माणूस तरी हवा.

काय नको तेही सांगतो, कारण मागितलं काय आणि मिळालं काय हा आपल्याकडचा जुना अनुभव. प्रकाशझोतांचा खेळ नको. संगीत कारंजं नको. 'आय लव्ह' लिहिलेली लाल अक्षरं नकोत. प्रवेशद्वारावर नवी कमान तर मुळीच नको. तिथं चार कमानी आहेत, त्या बघायला शिका. पेव्हर ब्लॉक घालायचा मोह झाला तर मला फोन करा, मी येऊन समजावतो. सुशोभीकरण या शब्दानं जेवढी जुनी बांधकामं गेली तेवढी तोफांनी गेली नसतील.

पैसे नाहीत हे मला मान्य नाही, कारण ताडपत्री, चुना, दगड आणि एक रखवालदार यांचा हिशेब मी स्वतः मांडून तिसऱ्या अर्जाला जोडला होता. दोन पानं आहेत. तो अर्ज सापडला तर त्यातच मिळतील. नाही सापडला तर मागा, माझ्याकडे झेरॉक्स आहे.

आता त्या तुकड्याचं.

मी तो खिशात घातला नाही. घालावासा वाटला, खोटं कशाला बोलू? घरी वडिलांच्या थाप्या, ओळंबा आणि गुरमाळा एका खोक्यात आहेत, त्यांच्या शेजारी तो शोभला असता. पण स्मारकातली वस्तू उचलणं गुन्हा आहे, हे पंचवीस वर्षं मीच पोरांना सांगत आलोय. म्हणून त्याची भुरी हलक्या हातानं झटकली, तीन्ही तुकडे त्याच दिवसाच्या पेपरात वेगवेगळे गुंडाळले, पेपरवर तारीख आणि जागा लिहिली. जिना चढून वर आलात की वळणावर डाव्या हाताला तो कोनाडा लागेल. त्याच्या आत, मागच्या भिंतीला टेकवून तिन्ही पुड्या ठेवल्या आहेत. समोर एक दगड लावलाय, शेळ्या येतात म्हणून. मधल्या पुडीवर पेनानं 'अंगठा' लिहिलंय.

कोनाड्याच्या वरच्या बाजूनं ओल उतरते. मृग सात जूनला लागतो. त्याच्या आत ती पुडी न्या, आणि नेलीत की मला एका ओळीची पोच पाठवा.

आपला,
भिंगारचा एक निवृत्त गवंडीकाम शिक्षक
३१ मे